सांगलीचा घाट ते हरिपूरचा संगम: नदीकाठची चाल, पक्षी आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी आम्ही चार-सहा जण सांगलीहून कृष्णेच्या कडेकडेने हरिपूरला चालत जातो. कुणीतरी फोटो टाकतं आणि मग आठवडाभर फोन सुरू. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, फक्त 'सर' आणि 'प्लीज' काढून टाकलंय.

वाट नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते?

सुरुवात सांगलीच्या गणपती मंदिरापाशी, शेवट हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर. एका बाजूचं अंतर साधारण चार किलोमीटर. मंदिरापासून आधी नदीच्या घाटांकडे उतरायचं, तिथे अर्धा तास काढायचा आणि मग हरिपूर रोड धरायचा. बागेतला गणपती लागला की वाट बरोबर आहे असं समजा.

'ट्रेल' म्हटल्यावर पुष्कळांना पाट्या, बाण, लाकडी बाकं डोळ्यांसमोर येतात. इथे तसलं काही नाही. थोडा घाट, थोडा डांबरी रस्ता, थोडी मळीकडे, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाकडे, जाणारी पाणंद, अशी ही जोडजोड वाट आहे. काही ठिकाणी नदी अगदी समोर असते, काही ठिकाणी घरं आणि ऊस यांच्यामागे दडते. एकच खूणगाठ बांधा: जाताना नदी कायम उजव्या हाताला. हरिपूरला पोचलात की समोरून वारणा येऊन कृष्णेला मिळताना दिसते. वारणेपलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्याचा. पुढे हीच कृष्णा नरसोबाच्या वाडीला जाते आणि तिथे तिला पंचगंगा मिळते.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. झेपेल का?

चढ-उतार जवळजवळ नाही, त्यामुळे चालणं झेपेल. अडचण घाटाच्या पायऱ्यांची आहे. पायऱ्या दगडी आहेत, कुठे झिजलेल्या, कुठे शेवाळलेल्या. त्यांना वरच्या कट्ट्यावर बसवा. तिथून पाणकावळे आणि घारी मजेत दिसतात. परतीला हरिपूरहून रिक्षा करा.

वेळेचं म्हणाल तर नुसतं चालणाऱ्याला तास पुरतो. पक्षी बघणाऱ्याला तीन लागतात.

सकाळीच का जायचं? ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी गेलं तर?

जा की, पण उजेडाचा हिशेब समजून घ्या. आपण पूर्वेच्या काठाने चालतो आणि नदी पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येतं, नदीवर आणि पलीकडच्या काठावर सरळ पडतं, त्यामुळे खंड्याचा निळा रंग निळाच दिसतो. संध्याकाळी तोच सूर्य डोळ्यांत येतो आणि बगळा, कावळा, करकोचा सगळे काळ्या कागदातून कातरल्यासारखे दिसतात. रंग ओळखायचे असतील तर सकाळी या. झोपायच्या झाडांकडे परतणारे बगळ्यांचे थवे बघायचे असतील तर संध्याकाळ उत्तम. मात्र अंधार पडायच्या आत वर रस्त्याला या. कारण खाली मगरीच्या प्रश्नात आहे.

कोणत्या महिन्यात आलं की जास्त पक्षी दिसतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. स्थानिक पक्षी असतातच, त्यात पाहुण्यांची भर पडते. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो (१२ नोव्हेंबर ही सलीम अलींची जन्मतारीख). सुरुवात करायला तो आठवडा छान आहे, सकाळी हवेत गारवा असतो आणि काठाचा चिखल वाळलेला असतो.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरून खडक आणि दांडे (नदीतले वाळूचे उंचवटे) उघडे पडतात. उन्हाचा चटका सोसणार असाल तर तेव्हाही बरंच काही दिसतं. जून-जुलैत सुगरणीची घरटी विणली जाताना बघायला मिळतात, पण तेव्हा नदीची तब्येत विचारूनच निघायचं. त्याचं वेगळं उत्तर पुढे आहे.

कोणते पक्षी दिसतील? यादी द्या.

नुसती यादी दिली की लोक हजेरी घेतल्यासारखे खुणा करत चालतात आणि वर बघायचं विसरतात. म्हणून ज्या क्रमाने भेटतात त्या क्रमाने सांगतो.

घाटावर पहिला मान पाणकावळ्यांचा. खांबावर, पाइपवर, अर्धवट बुडालेल्या फांदीवर पंख पसरून उभे असतात. त्यांची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून बुडी मारून आलं की वाळवावी लागतात. गंजीफ्रॉक वाळत घालावा तसा तो पक्षी स्वतःलाच वाळत घालतो. बाजूला ढोकरी असते. मातकट रंगाची, दगडावर दगडासारखी बसलेली. उडाली की एकदम पांढरे पंख उघडतात आणि शेजारचा माणूस दचकतो.

शेरीनाल्याच्या आसपास वास येतो, खोटं कशाला सांगू. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत येतं आणि त्यावरून सांगलीकरांनी पुष्कळ आरडाओरडा केलाय. पण नाक दाबून जरा थांबलात तर चिखलात शेकाटे दिसतील. काळे-पांढरे, आणि पाय इतके लांब नि गुलाबी की कुणीतरी नंतर जोडल्यासारखे. धोबीही तिथेच, शेपटी वरखाली आपटत. पांढऱ्या भुवईचा धोबी बारमाही आपला, बाकीचे थंडीचे पाहुणे.

पुढे रस्त्याकडेची जुनी झाडं लागतात. तिथे तांबटाचा 'टुक टुक टुक', कोतवाल, शिंजीर, आणि नशीब असेल तर हळद्या. संबंध पिवळाधमक पक्षी, डोळ्यातून ओढलेली काळी रेघ. हळदीच्या पेठेचं गाव आणि हळद्या पक्षी, ही जोडी मला दरवेळी नव्याने आवडते. वड, पिंपळ, उंबर पिकलेले असतील तर तिथे नक्की थांबा.

मळीच्या बाजूला तारांवर वेडे राघू, बांधावर टिटवी, उसाच्या कडेला भारद्वाज. पाण्यावर नदी सुरय: डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. नांगरलेल्या रानात काळे शराटी चिखलात वाकडी चोच खुपसून फिरतात. चित्रबलाक आणि उघड्या चोचीचे करकोचे कधी असतात, कधी महिनाभर नसतात.

आणि माझं लाडकं, हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके. गेल्या थंडीत एक जोडी काठापासून पंधरा-वीस पावलांवर तरंगत होती. मादीने पाण्यात मान घातली, वर काढली, आणि चोचीच्या पिवळ्या टोकावरून एक थेंब ओघळून पडला. एवढंच झालं. आमच्यातल्या एका काकू हळूच म्हणाल्या, "अगं बाई, खरंच लावलंय की!" ज्याने हे नाव ठेवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

हे सगळे एका सकाळी दिसत नाहीत. पंचवीस-तीस जाती दिसल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

खंड्या एकच असतो ना? मला दरवेळी वेगळा दिसतो.

बरोबर दिसतोय. इथे तीन आहेत. तपकिरी डोकं, पांढरी छाती, लाल जाड चोच आणि निळे पंख, तो नेहमीचा खंड्या. तो पाण्यावर अवलंबून नाही, शेतात नाकतोडे आणि सरडेही खातो, त्यामुळे विजेच्या तारेवरही भेटतो. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, वर निळा आणि पोटाशी नारिंगी, तो छोटा खंड्या. पाण्यालगत सरळ रेषेत बाण सुटावा तसा जातो. तिसरा कवड्या खंड्या, नुसता काळा-पांढरा. तो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, आणि मग दगड टाकल्यासारखा पडतो. मुलांना पक्ष्यांची गोडी लावायची असेल तर आधी हा दाखवा.

दुर्बीण लागतेच का? कोणती घ्यावी?

पहिल्या दोन खेपांना नको. नुसत्या डोळ्यांनी किती दिसतं याचा अंदाज येऊ द्या. घ्यायचीच झाली तर ८ बाय ४२. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 'वीस पट, पन्नास पट' असं ओरडून विकतात त्यांच्या नादी लागू नका. जितकी पट जास्त, तितका हाताचा थरथराटही मोठा दिसतो. दुर्बीण डोळ्यांशी नेताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. नवखा माणूस खाली दुर्बिणीकडे बघतो आणि तेवढ्यात पक्षी पसार.

नदीत मगरी आहेत म्हणतात. खरं का? मग मुलांना कसं न्यायचं?

खरं आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात आणि सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. माणसांवर हल्ले झालेत, जनावरं ओढली गेलीत. त्यामुळे 'काही होत नाही हो' असं मी कुणालाच सांगत नाही.

वागायचं कसं ते सांगतो. पाण्याच्या कडेपासून वीस-पंचवीस पावलं लांब राहायचं. हातपाय धुवायला, चपला खळबळायला, 'फक्त एक फोटो' म्हणून पाण्याशी वाकायचं नाही. बांधलेल्या घाटावर, जिथे माणसांची वर्दळ आहे, तिथे वरच्या पायऱ्यांवर थांबायचं. उतरत्या मातीच्या काठावर, गवत-झुडपांच्या बेचक्यात जायचंच नाही. अंधारात आणि झुंजुमुंजू असताना तर मुळीच नाही.

थंडीत सकाळी मगर उन्हाला येऊन पडते. पक्ष्यांप्रमाणे तिलाही लांबून बघता येतं, आणि समोरच्या काठावरची मगर बघणं हा मोठा अनुभव आहे. फेब्रुवारी ते एप्रिल ती काठाच्या मातीत अंडी घालते आणि त्या जागेजवळ असते, तेव्हा अंतर आणखी वाढवा.

माझी फजिती सांगतो. एकदा समोरच्या दांड्यावर 'मगर, मगर' म्हणून मी आठ जणांना दहा मिनिटं उभं केलं. तो ओंडका निघाला, वर ढोकरी येऊन बसली. सगळे हसले. पुढच्या महिन्यात त्याच माणसांनी ज्याला ओंडका म्हणून सोडून दिलं, तो तोंड उघडून बसला होता. तेव्हापासून आमचा नियम: ओंडका असला तरी मगरच समजायचं.

मुलांना न्या, पण मोठ्यांच्या हाताशी, आणि दोन मुलांमागे एक मोठा माणूस एवढा हिशेब ठेवा. मगर गावात, विहिरीत, शेतात आलेली दिसली तर गर्दी न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मगर कायद्याने संरक्षित आहे. दगड मारणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही.

आमचा कुत्रा आणला तर चालेल?

नाही. मगरीचं कारण वर आलंच. शिवाय टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि वाटेतली गावची कुत्री तुमच्या कुत्र्याचं स्वागत करणार नाहीत.

पावसाळ्यात येऊ का? पाणी किती चढतं?

आधी सांगलीकर विचारतात तोच प्रश्न विचारा: "आयर्विनला किती?" १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल ही आमची मोजपट्टी. पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती आणि अर्धी सांगली पाण्यात होती. २००५ आणि २०२१ चे पूरही इथल्या घरांच्या भिंतींवर खुणा सोडून गेलेत.

घाट मात्र इशारा पातळीच्या खूप आधी बुडतो. म्हणून मी तिशीच्या आसपास आकडा गेला की काठ सोडतो. सांगलीत ऊन असलं तरी फसू नका. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि तिथून आपल्याकडे. पाऊस महाबळेश्वर-कोयनेत आणि पाणी आपल्या पायऱ्यांवर, असं चालतं.

याची उलटी गंमत उन्हाळ्यात. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की पाणी झपकन उतरतं, काल तरंगणारी बदकं आज गायब आणि चिखलात तुतवार, टिटव्या, शेकाटे गोळा. काल काय होतं त्यावर आजचा भरवसा ठेवू नका.

हरिपूरला बघण्यासारखं काय आहे?

संगमेश्वराचं मंदिर आणि त्याखालचा संगम. घाटावर बसून दोन नद्या बघणं हेच खरं काम. गावाचं नाव पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट यांच्यावरून पडलं असं सांगतात. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच, जन्म १८५५ चा. सांगलीशी नाटकाचं नातं त्याहून जुनं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या पाठबळावर नाटक उभं केलं आणि मराठी रंगभूमी तिथून धरली जाते. ज्या गणपती मंदिरापासून आपण निघतो ते त्याच संस्थानिकांनी, थोरल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेलं. त्यांचं सांगली संस्थान १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं झालं.

हळदीची पेवं बघता येतात का?

हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीखालची कोठारं. तोंड माणूस उतरेल एवढं, आत वीस-पंचवीस फूट खोल, घागरीसारखी पोटाला फुगलेली. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. बराच वेळ हवा खेळू देत, कंदील सोडून बघत. कंदील विझला तर माणूसही विझेल, एवढं साधं गणित. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं आणि त्या व्यवसायाचं कंबरडं मोडलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आता माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो.

बघायचं म्हणाल तर पेवं खासगी जागेत आहेत. गावात कुणा जुन्या माणसाला नीट विचारलंत तर जागा दाखवतात. कुठेही झाकण उचलून डोकावू नका.

श्रावणात सोमवारी गेलं तर?

यात्रा असते, गर्दी असते. दर्शन होईल, भजी मिळतील, पक्षी मिळणार नाहीत. नदीचंही बघावं लागेल, ते पावसाळ्याच्या प्रश्नात आहेच.

शेतातून जवळची वाट आहे असं ऐकलंय. ती कोणती?

सांगणार नाही, आणि याला कारण आहे. पहिल्या वर्षी मी कागदावर नकाशा काढून वाटला होता. त्यातली एक पाणंद पुढे वांग्याच्या रानात संपते हे मी लिहिलं नाही. तीन रविवारांत लोकांनी सरी तुडवली. मालक भेटले तेव्हा म्हणाले, "पाखरं बघा, पण माझ्या डोक्यावरून जाऊ नका." त्यांचं चुकलं काय? कृष्णाकाठची वांगी लोक कौतुकाने खातात, ती कुणीतरी वाढवतो म्हणून.

तेव्हा वहिवाटीच्या पाणंदीपलीकडे जायचं झालं तर आधी हाक मारून विचारा. बहुतेक जण 'जावा की' म्हणतात, वर चहा विचारतात. मोटारीच्या पाइपवरून, वायरीवरून पाय टाकू नका. तोडणीच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरला वाट द्या.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की तो जवळ येतो. फोटोसाठी वाजवू का?

नको. तो आवडीने येत नाही, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला समजून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत घरटं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसेल आणि तेवढ्यात कावळा अंडी नेईल. ओळखण्यासाठी आवाज ऐकायचा असेल तर कानात इयरफोन घाला. सुगरणीचं रिकामं घरटंसुद्धा दिवाणखान्यासाठी तोडू नका.

एकटी बाई गेली तर सुरक्षित आहे का? वाटेत स्वच्छतागृह आहे का?

सकाळी घाटावर पोहणारे, पूजेचे, फिरायला आलेले असे लोक असतात आणि रस्ताही जागा असतो. मधले पाणंदीचे तुकडे सुनसान आहेत, तिथे दोघी-तिघींनी जावं. आमच्या बायका तेच करतात. स्वच्छतागृहाची सोय निघण्यापूर्वी शहरातच करून घ्या, वाटेतल्या कशावर विसंबू नका.

बाहेरगावहून यायचं तर कसं? खायचं काय?

सांगलीला रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मिरज जंक्शन, आठ-दहा किलोमीटरवर. आदल्या रात्री मुक्काम केलात तर सकाळ हाताला लागते. परत आल्यावर मंदिराच्या परिसरात नाष्टा करा आणि घरी न्यायला भडंग घ्या. चालताना मात्र भडंग नको. एकाने पुडी उघडली की कावळे आणि साळुंक्या सोडून काही दिसत नाही.

मांज्यात अडकलेला पक्षी सापडला. काय करू?

झाडावर उंच असेल तर स्वतः चढू नका. हाताशी असेल तर अंगावर रुमाल किंवा टॉवेल टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा, पिसांत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. मग १९२६ ला फोन करा. बगळा किंवा करकोचा असेल तर आधी स्वतःचे डोळे सांभाळा, तो चोच नेमकी तिथेच मारतो.

आम्ही दोनदा येऊन गेलो. कावळे आणि बगळे सोडून काही दिसलं नाही. आमचं काय चुकतंय?

किती जण होतात? बारा जण, दोन गाड्या आणि एक स्पीकर, असं उत्तर मला एकदा मिळालं होतं.

पुढच्या वेळी हरिपूरपर्यंत जाऊच नका. सात वाजता घाटाच्या वरच्या कट्ट्यावर बसा, मातकट किंवा हिरवट कपडे घाला, आणि वीस मिनिटं उठू नका. पहिली पाच मिनिटं काही घडत नाही. मग ज्या खांबाकडे तुम्ही तीनदा बघितलंय त्याच्यावर खंड्या बसलेला दिसतो, आणि तो मघापासून तिथेच होता असं शेजारी पोहायला आलेले आजोबा सांगतात.